तुम्ही विचारलंत म्हणून : वाघ्याची ब्रीड आणि घरमालकाची यादी

"वाघ्याची ब्रीड घरमालकाला काय सांगितलीत? आम्हीपण डीएनए टेस्ट करून घेऊ का?"

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसच्या आसपास भाड्याचं घर शोधणारी, शेल्टरमधून मिश्र कुत्रा आणलेली मराठी मंडळी मला हे इतक्या वेळा विचारतात, की एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं.

वाघ्या आमचा कुत्रा. घराच्या फॉर्मवर आम्ही ब्रीडच्या, म्हणजे जातीच्या, रकान्यात 'मिक्स्ड ब्रीड' लिहिलं आणि सोबत टेस्टचा निकाल जोडला. पण हे उत्तर जसंच्या तसं उचलू नका. याच उत्तरावर एका ठिकाणी आम्हाला नकार आला आणि दुसऱ्या ठिकाणी घर मिळालं. कुत्रा तोच, कागद तोच. दोन मालकांचा विमा मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचा.

विम्यापासूनच सुरुवात करते, कारण बहुतेकांना वाटतं की घरमालकाला कुत्र्यांची भीती वाटते. वाटतही असेल, पण नको असलेल्या ब्रीडची यादी सहसा त्याच्या भीतीतून येत नाही. भाडेकरूचा कुत्रा कुणाला चावला तर नुकसानभरपाईचा दावा मालकाच्या दारातही येऊ शकतो, म्हणून तो लायबिलिटी विमा घेतो. विमा कंपनी त्यातून काही ब्रीड वगळते, आणि वगळलेली नावं लीजमध्ये, म्हणजे भाडेकरारात, उतरतात. पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन, चाऊ, अकिता, कुठेकुठे जर्मन शेफर्ड आणि हस्कीसुद्धा. त्याखाली एक ओळ असते : 'किंवा यांपैकी कशाचाही मिक्स'. आपलं घोडं पेंड खातं ते तिथे.

आमच्या ओहायोत २०१२ पर्यंत राज्याचा कायदाच पिटबुलला काही न करता, निव्वळ पिटबुल म्हणून 'हिंस्र' ठरवत होता. ती तरतूद त्या वर्षीच्या मे महिन्यात गेली. डेन्व्हर शहराची १९८९ पासूनची पिटबुलबंदी तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये उठवली, आणि मायामी-डेड काउंटीची तितकीच जुनी बंदी फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्याने निकालात निघाली. पण सरकारने बंदी उठवली म्हणून खासगी मालकाची यादी काही फाटत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये घराच्या विम्यात कंपन्यांनी ब्रीड बघायचीच नाही असा कायदा केला. मला विचाराल तर शहाणपणाचा रस्ता तोच, कारण यादी जिथे जन्मते तिथेच तो हात घालतो. ओहायोत अजून तसं काही नाही, तेव्हा आपण आपल्या फॉर्मकडे वळू.

फॉर्ममधला तो शब्द येतो कुठून? बहुतेक वेळा शेल्टरमधल्या कुणीतरी कुत्र्याकडे मिनिटभर पाहून ठोकलेल्या अंदाजातून. तोच शब्द दत्तकपत्रावर जातो, तिथून व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, फाइलमध्ये, तिथून रेबीजच्या सर्टिफिकेटवर, तिथून काउंटीच्या लायसन्सवर. चार कागदांवर छापून आला की तो अंदाज राहत नाही, पुरावा होतो. आणि लीजिंग ऑफिस मागतं नेमके हेच कागद.

आमच्या वाघ्याच्या अंगावर पिवळट तपकिरी रंगात काळे पट्टे आहेत, म्हणून वाघ्या. शेल्टरने लिहिलं 'बॉक्सर मिक्स'. पहिल्या व्हेट म्हणाल्या प्लॉट हाउंड असणार, कारण तेही पट्टेरी असतात. पार्कात भेटणारा दर तिसरा माणूस पिल्लू उचलून घेत 'पिट, राइट?' म्हणायचा. माझ्या सासूबाईंनी नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीपाशी असतो." त्यांचा अंदाज इतरांच्यापेक्षा फार वाईट नव्हता.

कारण नुसतं बघून ब्रीड ओळखणं जवळजवळ कुणालाच जमत नाही, आणि हे तपासून झालेलं आहे. मेन राज्यात बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कॉकर स्पॅनियल आणि बसेंजी या दोन ब्रीडचे संकर करून पाहिले. १९६५ मध्ये त्यांनी सगळं काम प्रसिद्ध केलं. त्यातले पिल्लांचे फोटो आजही लोक दाखवतात. काही पिल्लं बघून त्यांच्या घराण्यात कॉकर स्पॅनियल आहे हे शपथेवर सांगूनही पटणार नाही. २००९ मध्ये व्हिक्टोरिया वॉइथ आणि सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या २० मिश्र कुत्र्यांचे डीएनए तपासले. ज्यांना संस्थेने विशिष्ट ब्रीड चिकटवली होती, त्यांतल्या ८७.५ टक्के कुत्र्यांत त्या सगळ्या ब्रीड सापडल्याच नाहीत. फ्लोरिडातल्या चार शेल्टरमध्ये झालेला २०१५ चा अभ्यास तर आपल्या कामाचाच आहे : १२० कुत्र्यांपैकी ६२ जणांवर शेल्टरने पिटबुल प्रकारचा शिक्का मारला होता. डीएनएत त्या वंशाचा अंश निघाला १२० पैकी २५ जणांत. उलट ज्यांच्यात तो खरंच होता, त्यांतले काही कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटलेही.

असं का होतं, तर कुत्र्याचं बाह्यरूप मोजकी जनुकं ठरवतात. २००९ मध्ये एका गटाने दाखवलं की केसांचा प्रकार, म्हणजे लांब की आखूड, कुरळे की सरळ, दाढीमिशा आहेत की नाहीत, हे बहुतांशी फक्त तीन जनुकांवर ठरतं. पट्टेरी रंगही तसाच, तो ठराविक एका जागेवरच्या बदलातून येतो आणि बॉक्सर, प्लॉट, ग्रेहाउंड, ग्रेट डेन अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या ब्रीडमध्ये दिसतो. चार पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाकडून पट्टे आले आणि बाकी काही आलं नाही, हे सहज होऊ शकतं. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे तर आपल्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता टेस्ट. गालाच्या आतून काडी फिरवायची, नळीत घालायची, पाठवायची. शंभर ते दोनशे डॉलर, आणि काही आठवडे वाट. प्रयोगशाळा डीएनएवरच्या हजारो ठराविक खुणा, काही कंपन्या दोन लाखांहून जास्त, वाचते आणि आपल्याकडच्या शुद्ध ब्रीडच्या नमुन्यांशी जुळवून बघते. म्हणजे उत्तर त्या नमुन्यांच्या साठ्याइतकंच चांगलं. मोठ्या टक्क्यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. दोन-तीन टक्क्यांच्या ब्रीडवरून व्हॉट्सॲपवर वाद घालू नका.

वाघ्याचा निकाल आला : अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर २३ टक्के, जर्मन शेफर्ड १७, लॅब्रेडोर १४, चाऊ ९, मग बीगल वगैरे किरकोळ, आणि उरलेलं 'सुपरमट' या नावाखाली, म्हणजे इतकं मिसळलेलं की वेगळं करता येत नाही. बॉक्सर नाही. प्लॉट नाही. शेल्टर चुकलं, व्हेट चुकल्या, पार्कातली माणसं पाव हिश्श्याने बरोबर. आणि लॅब सोडलं तर वरची तीनही नावं यादीतली.

'अमस्टाफ (अमेरिकन स्टॅफर्डशायर) म्हणजे पिटबुलच का हो?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. पिटबुल ही एक ब्रीड नाही, अनेक जवळच्या ब्रीडना आणि तशा दिसणाऱ्या सगळ्यांना मिळून पडलेलं नाव आहे. युनायटेड केनल क्लबने १८९८ मध्ये अमेरिकन पिट बुल टेरियरची नोंदणी सुरू केली. अमेरिकन केनल क्लबला ते नाव नको होतं. त्यांनी १९३६ मध्ये त्याच वंशातले कुत्रे 'स्टॅफर्डशायर टेरियर' म्हणून घेतले आणि १९७२ मध्ये नावाच्या सुरुवातीला 'अमेरिकन' जोडलं. त्यामुळे एकच कुत्रा एका क्लबच्या कागदावर पिट बुल आणि दुसऱ्याच्या कागदावर स्टॅफर्डशायर असं खरोखर घडत आलं आहे. टेस्टचा निकाल वाचून 'पिट नाही, अमस्टाफ आहे' असं घरमालकाला सांगायला जाऊ नका. बहुतेक याद्यांत दोन्ही नावं असतात.

पहिला नकार एका मोठ्या कॉम्प्लेक्सचा. लीजिंग ऑफिसमधली मुलगी वाघ्याचे कान खाजवत होती आणि त्याच वेळी स्क्रीनकडे बघून सांगत होती की सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. 'कशाचाही मिक्स' या ओळीत किती टक्के हे लिहिलेलंच नव्हतं. ९ टक्के चाऊसुद्धा चाऊच. तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता; तिच्या हातात होता एक ड्रॉपडाउन.

दुसरं घर ड्युप्लेक्स होतं, मालक निवृत्त गृहस्थ, शेजारच्याच भागात राहणारे. त्यांना मी निकाल दाखवला आणि म्हटलं, "तुमच्या विमा एजंटला एकदा विचाराल का, त्यांना ब्रीड लागते की चावल्याचा इतिहास?" त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. त्यांच्या कंपनीला ब्रीडशी घेणं-देणं नव्हतं. कुत्रा आधी कुणाला चावलाय का, एवढंच. सगळ्या गोष्टीत कळीचा ठरला तो हा फोन. आम्ही आमच्या बाजूने भाडेकरूचा विमा घेतला, ज्यात ब्रीड न वगळता प्राण्याची लायबिलिटी होती, त्यात मालकांचं नाव घातलं, आणि 'कॅनाइन गुड सिटिझन'चं सर्टिफिकेट दिलं. अमेरिकन केनल क्लबची ही दहा कसोट्यांची परीक्षा १९८९ पासून आहे आणि मिश्र कुत्र्यांनाही खुली आहे. अनोळखी माणसाने कुरवाळलं तर नीट बसणं, गर्दीतून चालणं, दुसरा कुत्रा दिसला तरी अंगावर न जाणं, असल्या कसोट्या. मालकांनी त्या कागदाकडे निकालापेक्षा जास्त वेळ बघितलं, आणि बरोबरच बघितलं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकसंच तपासले होते; एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी ब्रीडमुळे पडणारा फरक निघाला सुमारे ९ टक्के.

एक गंमत सांगते. आमच्या मंडळातल्या एका ताईंनी पुण्याहून येताना आपली गावठी कुत्री आणली. उभे कान, पिवळा रंग, वळलेली शेपटी. इथल्या व्हेटने 'शेफर्ड मिक्स' लिहिलं आणि बिचारी एका शब्दाने यादीत जाऊन बसली. टेस्ट केली तर 'साउथ एशियन व्हिलेज डॉग', अख्खी शंभर टक्के. म्हणजे कशाचाच मिक्स नाही. आपले गावठी कुत्रे ब्रीडच्या भेसळीतून झालेले नसतात. आजच्या बहुतेक ब्रीड गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या, गावठी त्याच्या कितीतरी आधीपासून. ते नाव घरमालकाच्या यादीत नव्हतंच, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी होकार. ज्यांच्या कुत्र्याला 'शेफर्ड मिक्स' लावलंय आणि तो भारतातून आलाय, त्यांनी टेस्टचे पैसे डोळे मिटून खर्च करावेत.

पुण्या-मुंबईहूनही विचारणा होते, विशेषतः मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ ब्रीड आणि त्यांच्या संकरांविरुद्ध परिपत्रक काढल्यापासून. ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. तिकडच्या लीव्ह-अँड-लायसन्सचं मात्र मला विचारू नका, मी तिथे भाडेकरू म्हणून कुत्र्यासह कधी राहिले नाही.

इमोशनल सपोर्टचं, म्हणजे मानसिक आधारासाठी कुत्रा गरजेचा आहे असं सांगणारं, पत्र ऑनलाइन विकत घेऊन यादीला वळसा घाला, असाही सल्ला फिरतो. अपंगत्वामुळे ज्यांना सहाय्यक प्राण्याची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी कायदा वेगळा आहे आणि असायलाच हवा. बाकीच्यांनी पत्र विकत घेऊन त्या लोकांवरचा संशय वाढवू नये.

मग टेस्ट करायची का? आधी घरमालकाकडून यादी लेखी मागवा आणि विमा ब्रीड विचारतो का हे एजंटकडून कळवायला सांगा. कागदांवर यादीतलं नाव पडलंय आणि तुम्हाला ते पटत नाही, तर टेस्ट करा, आणि निकाल दाखवून व्हेटकडून नोंद बदलून घ्या. आत्ताच दत्तक घेत असाल, तर कागद छापण्याआधीच 'मिक्स्ड ब्रीड' एवढंच लिहायची विनंती करा. आईबाप कुणी पाहिलेले नसताना तेच प्रामाणिक वर्णन आहे आणि बरेच व्हेट आनंदाने तसं लिहितात. नुसती हौस म्हणून करणार असाल तर एक धरून चला : निकाल आला की 'माहीत नाही' हे उत्तर तुमच्याकडे राहत नाही. लपवलंत आणि पुढे काही घडलं, तर लीजही जाईल आणि विम्याचा दावाही.

काडी फिरवण्याआधी तासभर खायला देऊ नका, दुसऱ्या कुत्र्याशी तोंडाला तोंड लावून खेळू देऊ नका. आणि मला यादी पाठवताना पूर्ण पान पाठवा. तळाशी 'किंवा मिक्स' आहे की नाही हे दिसल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही.