कादंबरी हे मुलीचं नाव आहे

सध्या तीन आठवड्यांच्या सुट्टीवर ठाण्यात आलेय, नौपाड्यात, आईकडे. हे खरं तर तिकडे श्टुटगार्टला असतानाच लिहायचं होतं, राहून गेलं, आणि बरंच झालं, कारण यातला एक तुकडा मला काल इथे सापडला.

तिकडची सिटी लायब्ररी म्हणजे मोठा पांढरा ठोकळा, चार बाजूंना 'लायब्ररी' हा एकच शब्द चार भाषांत, जर्मन, इंग्लिश, अरबी आणि कोरियन. पहिल्यांदा गेले तेव्हा एका रॅकमधल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर नावाखाली बारीक अक्षरात 'रोमान' दिसलं. मला वाटलं रोमचा इतिहास असेल. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं, रोमान म्हणजे नॉव्हेल. आणि जर्मनमध्ये 'नोव्हेले' असाही शब्द आहे, पण ती आखूड, एका घटनेभोवती फिरणारी गोष्ट. फ्रेंच 'नुव्हेल' म्हणजे कथा, शिवाय बातमीसुद्धा. स्पॅनिश 'नोव्हेला' मात्र परत कादंबरीच. 'नवं' या अर्थाचा एकच शब्द, आणि प्रत्येक गावात त्याने वेगळा संसार मांडलाय.

नंतर जर्मनच्या क्लासात हाच विषय निघाला. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणता? मी तोंड उघडायच्या आत आपल्याच देशातल्या एकाने सांगून टाकलं, इंडियात उपन्यास म्हणतात. इंडियात म्हणजे कुठे? मला खरंच राग आला, आणि तो दोन दिवस गेला नाही. हिंदीत आणि बंगालीत म्हणतात, बरोबर आहे, छान शब्द आहे, पण गुजरातीत नवलकथा आहे, तेलुगूत नवल आहे, आणि 1857 मध्ये बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलेल्या माझ्या भाषेचं काय? परदेशात आलं की आपल्यातलेच लोक आपल्याला एका डब्यात कोंबतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. साधं 'कहानी' घ्या. हिंदीत ती कथा. आपल्याकडे कहाणी म्हटलं की श्रावणात आई वाचते ती, साठा उत्तरांची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

मी म्हटलं, आमच्यात कादंबरी म्हणतात. बाईंनी अर्थ विचारला. आयुष्यभर वापरलेला शब्द, पण त्या क्षणी पहिल्यांदा कानांनी ऐकल्यासारखा वाटला. मी सांगितलं, हे एका मुलीचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने लिहिलेल्या गोष्टीची नायिका, गंधर्वांची राजकन्या. बाण ती अर्धवट टाकून गेला आणि त्याच्या मुलाने पुरी केली. बाईंनी मला फळ्यावर देवनागरीत लिहायला लावलं आणि तास संपेपर्यंत पुसू दिलं नाही. हे मी विसरणार नाही.

त्यांनी रोमानचंही मूळ सांगितलं, जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत सांगितलेलं ते. मला लगेच ज्ञानोबा आठवले, 1290 सालची ज्ञानेश्वरी. तरी मला आपलाच शब्द जास्त आवडतो. तिकडे भाषेवरून नाव पडलं, आपल्याकडे एका बाईवरून. तो रोमान, तो उपन्यास, ती कादंबरी.

कुणी विचारेल, एवढं प्रेम आहे तर दोन वर्षांत मराठी कादंबऱ्या किती वाचल्या? एक. पण दिवसभर परक्या भाषेत बोलून, मेल लिहून घरी आलं की डोकं उरत नाही, आणि जर्मन नाही वाचलं तर तिथे निभाव लागत नाही. इथे 1893 सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय असलेल्या गावात राहून न वाचणारे काय कमी आहेत?

काल हे सगळं वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगत होते. त्या धारवाडच्या, कॉलेजात शिकवायच्या. उपन्यास म्हटल्यावर म्हणाल्या, "अगं, आमच्यात उपन्यास म्हणजे लेक्चर. मी उपन्यासकीच होते की!"

"मग नॉव्हेलला काय म्हणता, काकू?"

उठून कपाटातून एक पुस्तक घेऊन आल्या, खाकी कव्हर घातलेलं. कव्हर सोडवलं, नावाखालच्या छोट्या शब्दावर बोट ठेवलं. मला कानडी वाचता येत नाही. त्या एकेक अक्षर बोटाने दाखवत गेल्या, का, दं, ब, री. अनुस्वार त्यांच्यात डोक्यावर नसतो, अक्षराच्या शेजारी शून्यासारखा गोल बसलेला असतो.