मी तोडलेले तीन सर

आज सहावी संध्याकाळ. पावणेसातला भेर्ली माडाखाली जाऊन बसले. हेडलॅम्पला लाल कागद, मांडीवर वही. सात झाले, साडेसात झाले. फुलोऱ्याच्या घोसातून एकही वटवाघूळ बाहेर पडलं नाही. वहीत सहाव्यांदा शून्य लिहिलं.

गाईड मॅडम म्हणाल्या, वटवाघळं जागा बदलतातच. खरं आहे, चार महिने मीही तेच बघतेय. माद्या आज इथे, परवा तिकडे. पण नर? तो तंबू राखून असतो. आणि ह्याने तर तो माझ्यादेखत केला होता. लोंबत्या फुलोऱ्यातले मधले सर एकेक करून कुरतडले, खाली पाडले, आत घंटेसारखी पोकळी होईपर्यंत. रात्रीमागून रात्री. सकाळी खाली पडलेले तुकडे मी मोजायचे. मग माद्या यायला लागल्या. आधी दोन, पुढे पाच, पुढे सात.

आणि मी तीन सर कापले. कॅमेऱ्याच्या आड येत होते म्हणून. शिडी लावून, भर दुपारी, ती सगळी आत असताना. मॅडमना विचारलं होतं. किती कापू, ते विचारलं नव्हतं. एक पुरला असता.

तेव्हा तो हातभर अंतरावर होता. मानेपाशी तांबूस केस, कानांना पांढरट कड, काळ्या पंखावर बोटांची फिकट हाडं उठून दिसणारी. पिकलेल्या पेरूसारखा वास. त्याचे डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता असं वहीत लिहायचं नसतं, मी लिहिलंही नाही. पण उघडे होते.

हे सांगायचं तरी कोणाला? आईचा फोन आला की बोलणं दुसऱ्याच विषयावर जातं. तो आज नको.

१९७२च्या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी म्हणून घातली होती. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. गावात घरोघरी मी हेच सांगत फिरले. मारू नका, धूर करू नका, त्रास देऊ नका. मी सांगत होते, त्रास देऊ नका.

काका मघाशी पायरीवर येऊन बसले. "त्येंका दुसरो माड गावतलो, बाय. तू कित्याक रडतंस?" रडत नव्हते. मग मला परड्यातल्या उंबराखाली घेऊन गेले. जमिनीवर चघळून टाकलेले चोथ्याचे गोळे, अजून ओलसर. म्हणजे रात्री येतायत. त्यात तो आहे की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्याला ओळखीची पट्टी बांधलेली नव्हती. सर कापल्यामुळे गेला की जाणारच होता, तेही नाही. आज ते जरा सोसवतंय.

परत येऊन सहा दिवसांपूर्वीचं पान काढलं. शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला होता. तिथे लिहिलं : 'कॅमेऱ्यासाठी ३ सर कापले, दुपारी, वटवाघळं आत असताना.' खाली सही केली.

उद्या कॅमेऱ्याचा बांबू उतरवायचा आहे. शिडी काकांची, ती परत द्यायची.