पुढचं डावं चाक एकदाचं खडकावर टेकलं!

झालं एकदाचं! शनिवारी पौडच्या फार्मवर रिमोटच्या गाड्यांच्या खडक-चढाईत सहा नंबरचं गेट (दोन खुणांमधून गाडी न्यायची ती जागा) क्लीन काढलं. रिव्हर्स नाही, गेटला टच नाही, हात लावणं नाही, आणि मुख्य म्हणजे पुढचं डावं चाक शेवटपर्यंत खडकाला चिकटून. ज्यांना माझी एससीएक्स-१० टू, म्हणजे खडक चढणारी छोटी रिमोटची गाडी, माहितीये त्यांना कळेल मी का नाचतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, गेला उन्हाळाभर या गाडीला एकच रोग होता, चढावर थ्रॉटल दिला की बॉडी उजवीकडे झुकणार, पुढचं डावं चाक वर जाणार, आणि खडक उजवीकडे उतरता असेल तर गाडी सरळ कुशीवर. काका तर म्हणायचे, तुझी गाडी चढायच्या आधी सलाम ठोकते.

टॉर्क ट्विस्ट हो, म्हणजे शाफ्टच्या पिळानं बॉडी एका बाजूला झुकणं, दुसरं काय. सॉलिड अ‍ॅक्सल आणि शाफ्टवर चालणारी कुठलीही गाडी घ्या, कमी-जास्त असतोच. पण माझ्या गाडीला तो पाचवीलाच पुजलेला.

उपाय सुचवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. कुणी म्हणालं शॉक ऑइल जाड टाक, टाकलं, चाक उचलायचंच पण जरा सावकाश उचलायचं एवढाच फरक. कुणी म्हणालं उजव्या बाजूच्या स्प्रिंगला प्रीलोड वाढव, म्हणजे कॉलर फिरवून ती आधीच थोडी दाबून ठेव, त्यानं चढावर थोडं बरं वाटतं पण सपाटीवर गाडी डावीकडे कललेली दिसते, आणि डावीकडे उतरता खडक आला की उलटं दुखणं. बॅटरी डावीकडे सरकवून झाली. मग सगळ्यात आवडता सल्ला, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) लहान कर. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हा सल्ला मी अजून नवीन पोरांना देताना ऐकतो.

१३ दातांचा पिनियन काढून ११ चा लावला की मोटरवरचा लोड कमी होतो, कंट्रोल मस्त मिळतो, मोटर कमी तापते, सगळं मान्य. पण तोच खडक, तेच वजन, तेच टायर असतील तर चाकाला वर ढकलायला लागणारा टॉर्क तेवढाच राहणार ना? आणि चाकाचा टॉर्क भागिले अ‍ॅक्सलचा रेशो म्हणजे शाफ्टचा टॉर्क. माझ्या गाडीच्या एआर-४४ अ‍ॅक्सलमध्ये ३० दातांचा रिंग गिअर आणि ८ चा स्वतःचा पिनियन, म्हणजे ३.७५. हा आकडा बदलत नाही तोवर गिअरबॉक्सच्या आत काहीही करा, शाफ्ट तेवढाच पिळणार. टीआरएक्स-४ ही दुसऱ्या कंपनीची अशीच गाडी, तिचे मालक आपल्याला हसतात ते याच्यामुळे, त्यांच्या पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये शेवटचं रिडक्शन थेट चाकापाशी होतं म्हणून शाफ्टवर टॉर्कच कमी येतो. हसा बापांनो.

तर मी जवळजवळ पोर्टल अ‍ॅक्सल मागवायच्या बेतात होतो. कार्ट भरून ठेवलेली. पण किंमत, वर कुरिअर, वर कस्टम ड्यूटी, आणि बेरीज बघितल्यावर घरी सांगायची हिंमत होईना. शिवाय मागच्या वेळी ज्या ऑनलाइन दुकानातून ब्रासचे नकल्स (पुढची चाकं वळवणारे भाग) घेतले त्यांनी डावे दोन पाठवले होते, उजवा यायला पुढे एक महिना, त्यामुळे आधीच डोकं फिरलेलं. म्हटलं पैसे घालण्याआधी निदान हा पीळ मोजून तरी बघू.

मोजायला काय वापरलं माहितीये? किचनचे डिजिटल वजनकाटे. एक घरचा, एक वहिनींकडून मागून आणला (पोळ्यांची कणीक मोजायला लागतो म्हणून रात्रीत परत द्यायच्या अटीवर). दोन्ही काट्यांवर सँडपेपर चिकटवला म्हणजे टायर घसरणार नाही, पुढची दोन चाकं काट्यांवर, मागची तेवढ्याच उंचीच्या प्लायवर, मागचा बंपर दोरीनं खिडकीच्या गजाला बांधला. गाडी ३.२ किलोची, उभी असताना पुढे डावीकडे ८९० ग्रॅम, उजवीकडे ९००. म्हणजे गाडी मुळात सरळ आहे, वजनाचा काही दोष नाही.

मग पुढचा ड्राइव्हशाफ्ट काढून ठेवला, फक्त मागची चाकं ओढणार असं केलं आणि हळूच थ्रॉटल. डावीकडे ५६०, उजवीकडे १०८०! म्हणजे पुढच्या चाकांना पॉवरच नाही आणि तरी डावं उचलायला निघालंय. बरं, आता उलट केलं, मागचा शाफ्ट काढला, पुढचा बसवला, तेवढाच थ्रॉटल. डावीकडे ९६०, उजवीकडे ६५०. उलटं! उजवं चाक हलकं झालं! मी रात्री एकटाच टेबलाशी 'आयला' म्हणून ओरडलो, बायको उठून आली.

आता याचा अर्थ बघा. माझ्या गाडीत दोन्ही शाफ्ट एकाच दिशेनं फिरतात. शाफ्ट अ‍ॅक्सलला एका बाजूला पिळतो आणि तेवढ्याच जोरानं चासीला उलट बाजूला. सपाटीवर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल साधारण सारखंच काम करतात, हिशोब जुळतो, चासी थोडी झुकते पण चाकं बसून राहतात. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं नुसती टेकलेली असतात आणि सगळा जोर मागचा शाफ्ट काढतो. त्यानं चासी उजवीकडे पिळली, मग तिला धरून कोण ठेवणार, तर चारही स्प्रिंग्ज. त्यात पुढच्या स्प्रिंग्ज जेवढ्या कडक तेवढा जास्त वाटा पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो, आणि पुढच्या शाफ्टमध्ये त्याला उलटं ढकलायला जोरच नसतो, म्हणून उजवं चाक दाबलं जातं नि डावं सुटतं. आणि आपण सगळेच काय करतो? पुढे ब्रासचं वजन, पुढे बॅटरी, मग नाक खाली बसतं म्हणून पुढच्या स्प्रिंग्ज कडक. रोग मागचा आणि आपण सगळे पुढचं चाक धरून बसलोय.

मग इलाज सोपा, पुढे मऊ, मागे कडक. पुढच्या स्प्रिंग्ज एक रंग मऊ घेतल्या (कडकपणा रंगावरून ओळखतात) आणि नाक बसू नये म्हणून प्रीलोड कॉलर फिरवून उंची परत आणली. प्रीलोडनं उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो, त्यामुळे हे चालतं. मागे मात्र नुसत्या कडक स्प्रिंग्ज घातल्या तर मागची चाकं खडकावरून टणाटण उडतात, तेव्हा मागे स्वे बार पाहिजे, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडून गाडीचं झुकणं रोखणारी वाकवलेली तार. रेडिमेड सेट मिळतो पण किंमत बघून हसू आलं, वाकवलेली एक तार आणि चार रॉड एंड एवढाच तर माल. भोसरीला एक स्प्रिंगवाले ओळखीचे आहेत, ते म्हणाले करून देतो पण कमीत कमी शंभर नग. शंभर नग घेऊन मी काय लग्नात वाटू?

आणि तेव्हा सायकलच्या दुकानासमोर गाडी लावताना सुचलं, स्पोक! साधा १४ गेजचा स्पोक म्हणजे २ मिलिमीटर, १३ गेजचा २.३, ताठ तार आहे, स्टेनलेस असेल तर गंजत नाही, दुकानदारानं मूठभर दिले आणि पैसे घेताना त्यालाच कसंतरी झालं. यू आकारात वाकवायला बेंच व्हाइस आणि एक जुना सॉकेट, बस. गरम करू नका, स्टीलचा स्प्रिंगपणा जातो, थंडच वाकवा आणि कोपरा अगदी काटकोनी करू नका, तिथेच तुटतो. टोकांना एम-३ चे रॉड एंड लावायला ग्रब स्क्रूवाले कॉलर पाहिजेत, ते बोहरी आळीत मिळाले. बोहरी आळीबद्दल माझं मत पक्कं आहे, तुम्हाला काय पाहिजे ते नावानं सांगता आलं नाही तरी चालतं, खिशातून नमुना काढून ठेवा, काउंटरवरचा माणूस न बघता मागच्या खणातून काढून देतो. ऑनलाइनवर तोच कॉलर शोधायला तासभर जातो आणि येतो तो वेगळ्याच मापाचा.

आधी १४ गेज लावला, काट्यावर फरक दिसला पण मन भरलं नाही. १३ गेज लावला आणि मजा आली. जाडीत फरक फक्त ०.३ मिलिमीटर, पण तारेचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे २.३ ची तार २ च्या तारेपेक्षा पाऊणपट जास्त ताठ. परत तीच टेस्ट, फक्त मागचा शाफ्ट, तेवढाच थ्रॉटल. डावीकडे ७४०, उजवीकडे ९१०. आधीचा ५२० चा फरक आता १७०! पोर्टल अ‍ॅक्सलची कार्ट रिकामी केली, ते बटण दाबताना जे सुख मिळालं ते विचारू नका.

आता शनिवार. गणपतीनंतरचा पाऊस, काळा बेसाल्ट ओला, सावलीच्या बाजूला शेवाळ, आणि कोर्स मांडणारे दादा त्या दिवशी कुणावर तरी चिडलेले असावेत. सहा नंबरचं गेट म्हणजे उजवीकडे उतरती शिळा, वर जाऊन डावीकडे वळायचं, खाली पाण्याचं डबकं. माझ्याआधी दोघं तिथेच आडवे झाले, त्यातला एक चांगला अनुभवी. मी डिग (मागची चाकं लॉक करून जागच्या जागी वळणं) किंवा काही चलाखी न करता सरळ लाइन घेतली, हॉबीविंगचा १०८० स्पीड कंट्रोलर ड्रॅग ब्रेकवर (थ्रॉटल सोडला की आपोआप लागणारा ब्रेक) मस्त धरून ठेवतो, एकेक इंच सरकवत नेली. बॉडी उजवीकडे झुकली, झुकणारच, पण पुढची दोन्ही चाकं शिळेवर! काका मागून म्हणाले, आज सलाम नाही का? त्या कोर्सला माझा स्कोअर दुसरा आला. पहिला टीआरएक्स-४ चाच आला, ते जाऊ दे.

स्वे बारचा तोटा मात्र आठ नंबरला कळला. तिथे दोन दगडांमधली खाच होती, तिरकी पार करायची, मागचं एक चाक खाली लोंबायला पाहिजे होतं आणि बारनं ते लोंबू दिलं नाही. अडकलो, रिव्हर्सचे दंडाचे पॉइंट वाढत गेले. चढ पाहिजे तर बार पाहिजे, खाच पाहिजे तर बार नको. खऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनला पुढचा स्वे बार बटणानं सुटा करता येतो, आणि आम्ही इथे मागे बार लावून बसलोय.

रविवारी चिखलाचा कोर्स होता, तो थोडक्यात सांगतो. काळ्या मातीत ट्रेड भरले की रॉक टायर नुसते गोल होतात, व्हीलस्पीड लागतो आणि ३५ टर्नच्या ब्रश्ड मोटरमध्ये तो नाही. अर्ध्यात रुतलो, विंचनं बाहेर. एक गोष्ट मात्र चांगली झाली, रिमची हवेची भोकं टेपनं बंद करून टायरच्या ट्रेडमध्येच दोन बारीक भोकं पाडली होती, त्यामुळे फोममध्ये शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं गेलं. शेजारच्या डिफेंडर बॉडीवाल्याचे टायर पाणी पिऊन फुगले होते. घरी येऊन बेअरिंग्ज उघडली, दोन गेली, ती बदलायचीच होती. रिसीव्हर बॉक्स कोरडाठाक.

आता पुढचं. खरं तर ठरलं होतं की मागे ३३-८ चा अंडरड्राइव्ह (मागची चाकं पुढच्यापेक्षा हळू फिरवणारा गिअर सेट) टाकायचा, म्हणजे ४.१२५ रेशो, मागचा शाफ्ट तेवढाच कमी पिळेल आणि पुढची चाकं मागच्यापेक्षा दहा टक्के जास्त फिरून चढावर ओढायला मदत करतील. ते अजूनही करायचंच आहे. पण हे टाइप करता करता डोक्यात दुसरंच आलंय. टीआरएक्स-४ मध्ये डिफ लॉक करायला (दोन्ही चाकं एकत्र फिरवायला) छोटा मायक्रो सर्व्हो, म्हणजे रिमोटनं हलणारी छोटी मोटर, असतो ना, तसाच एक मागच्या स्वे बारच्या लिंकवर लावला तर? पिन आत म्हणजे बार चालू, पिन बाहेर म्हणजे बार मोकळा. माझ्या फ्लायस्काय जीटी-५ रिमोटला सहा चॅनल आहेत, मी वापरतो तीन. सर्व्होला ताकद फार नको, पिन फक्त सरकवायचीय, पण लोडखाली पिन अडकेल ही भीती आहे, म्हणून पिनला थोडा टेपर द्यावा लागेल, आणि तो लेथवर कुणी एक नग करून देईल का हा प्रश्न. किंवा पिनऐवजी कॅम. हां, कॅम बरा, कॅम थ्रीडी प्रिंटमध्येच होईल, लेथची गरजच नाही.

तपकीर गल्लीत मेटल गिअरचे नऊ ग्रॅमवाले सर्व्हो मिळतात, उद्या ऑफिस सुटल्यावर जातो. प्लास्टिक गिअरवाले घेऊ नका, पहिल्याच दगडाला दात साफ. ब्रॅकेट आज रात्री पुठ्ठ्यात कापून बघतो, शॉकला घासलं नाही तर मग अ‍ॅल्युमिनियममध्ये. आणि कुणाकडे एआर-४४ चा ३३-८ सेट पडून असेल तर पुढच्या मीटला घेऊन या, वापरलेला चालेल, फक्त पिनियनचे दात बघून घेईन.