अँटीव्हायरस रिन्यू करायचा की नाही?
देवगडला घरच्या कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस संपला आणि स्क्रीनवर रोज रिन्यू करा रिन्यू करा सुरू झालं, बाबा म्हणाले भरून टाक पैसे, मी म्हटलं थांबा जरा. विंडोज १० नि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस असतोच की, फुकट, दुसरा अँटीव्हायरस काढला की आपोआप चालू होतो. आमचं काम काय तर आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, लाईटबिल नि यूट्यूब. खरी भीती पेनड्राइव्हची, झेरॉक्सवाल्याकडे लावून आणला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले (दोनदा झालंय!). आणि अपडेट टाळू नका हां, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) पसरला तेव्हा त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला. पैसे नाहीच भरले शेवटी, हिशोबाची एक कॉपी मात्र वेगळ्या हार्डडिस्कवर, ती कपाटात.