लंडनच्या लाल सायकली: आप्पांसोबत बाबासाहेबांच्या घरापासून एलएसईपर्यंत

सप्टेंबर २०२४ मधे दादाकडे हॅरोला गेलो होतो, सोबत आप्पा. वय ६६, सांगलीला एकतीस वर्षं सायकलनेच ऑफिसला गेलेला माणूस. निघायच्या आधीच त्यांनी सांगून ठेवलेलं की बाकी काही दाखव न दाखव, बाबासाहेबांचं घर बघायचं आणि ते शिकले ती जागा, म्हणजे एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) बघायची. मग मी म्हटलं की हे दोन्ही आपण सायकलवरूनच जोडू, तिथल्या पब्लिक सायकली घेऊन. दिवस इतका भारी गेला की जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी सायकलींबद्दल. सँटँडर सायकल्स नावाची ही योजना ३० जुलै २०१० ला सुरू झाली, तेव्हा साधारण ५ हजार सायकली आणि ३१५ डॉक (सायकल घ्यायच्या-लावायच्या ठरलेल्या जागा) होते, आता १२ हजारच्या वर सायकली आणि ८०० च्या आसपास डॉक आहेत. बोरिस जॉन्सन तेव्हा महापौर होते म्हणून लोक अजूनही बोरिस बाइक म्हणतात, पण कल्पना त्यांच्या आधीच्या महापौरांची, केन लिव्हिंगस्टन यांची. पहिल्या सायकली निळ्या होत्या, २०१५ ला स्पॉन्सर बँक बदलली आणि लाल झाल्या. एक महत्त्वाचं, डॉक मुख्यतः मधल्या लंडनमधे आहेत. आपली मंडळी जिथे उतरतात त्या हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो भागात नाहीत, तिथून ट्यूबने (तिथली मेट्रो) आत या आणि मग सायकल घ्या.

आम्ही नॉर्दर्न लाइनच्या चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत १० किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२ ला बाबासाहेब इथे राहत होते. बाहेर निळी गोल पाटी आहे, आणि २०१५ ला महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेऊन स्मारक केलंय. जायच्या आधी वेळा बघून जा. आप्पा पाटीसमोर चप्पल काढून उभे राहिले, मी काही बोललो नाही. आत किती वेळ गेला ते बघितलंच नाही आणि बघायचीही गरज नव्हती.

तिथून प्रिमरोझ हिल चालतच ओलांडायची, त्या टेकडीवर सायकल चालवायला परवानगी नाही. वरून अख्खं लंडन दिसतं. मग कॅम्डनच्या बाजूला उतरून अ‍ॅपमधे जवळचा डॉक शोधला. अ‍ॅप घरी वायफायवरच टाकून घ्या, आणि आपलं कार्ड असेल तर इंटरनॅशनल वापर बँकेत आधीच चालू करून ठेवा, रस्त्यावर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात अर्थ नाही. भाड्याने घ्यायला वय १८ पूर्ण लागतं. तेव्हा एक फेरी १.६५ पाउंड होती, अर्ध्या तासाची, इलेक्ट्रिक असेल तर ३.३०. आम्ही साध्या सायकलीचा दिवसाचा पास घेतला, तेव्हा ३ पाउंड होता, चोवीस तासांत कितीही फेऱ्या, फक्त प्रत्येक फेरी तीस मिनिटांच्या आत संपली पाहिजे. दर बदलत असतात, अ‍ॅपमधे बघून घ्या.

आता हे तीस मिनिटांचं गणित ज्याला कळलं त्याला ही सगळी व्यवस्था कळली. आपण महाबळेश्वरला घेतो तशी दिवसभराची भाड्याची सायकल नाहीये ही. एका डॉकवरून घ्यायची, दुसऱ्या डॉकला लावायची, फिरायचं, चहा प्यायचा, मग परत दुसरी घ्यायची. म्हणून कुठे जायचंय ते ठरवू नका, कुठल्या डॉकला जायचंय ते ठरवा, आणि त्याच्या आसपासचे अजून दोन डॉक बघून ठेवा, कारण प्रेक्षणीय ठिकाणांजवळचे डॉक भरलेले असू शकतात. तसं झालं तर घाबरू नका, डॉकवरच्या खांबाच्या स्क्रीनवर जागा नाही असं सांगितलं की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात आणि जवळचा रिकामा डॉकही दाखवतो.

अ‍ॅपमधून पाच आकडी कोड येतो, त्यात फक्त १, २, ३ एवढेच आकडे असतात, कारण डॉकवर बटणंच तीन. कोड दाबला, हिरवा दिवा लागला की सायकल मागे ओढायची. आप्पांनी दोनदा ओढली, निघेना. मग त्यांनी स्वतःच शोधून काढलं, सीट धरून मागचं चाक जरा वर उचललं आणि झटका दिला, सुटली. "हे लय जड हाय रं, पण पक्कं हाय," म्हणाले. जड आहेच, २३ किलो. तीन गिअर, पुढे सामान बांधायला इलॅस्टिकचा पट्टा, दिवे चाक फिरलं की आपोआप लागतात. सीटच्या दांड्यावर आकडे आहेत, आपला आकडा लक्षात ठेवा, पुढच्या वेळी लगेच उंची लावता येते. घ्यायच्या आधी ब्रेक आणि टायर दाबून बघा, खराब वाटली तर परत लावून डॉकवरचं पान्याचं (स्पॅनरचं) चित्र असलेलं बटण दाबा म्हणजे पुढच्याला ती मिळत नाही.

रीजंट्स पार्कला वळसा घालणाऱ्या आउटर सर्कलने खाली आलो, युस्टन रोड ओलांडला आणि टॉरिंग्टन प्लेसच्या सायकल ट्रॅकवरून ब्लूम्सबरीत शिरलो. तिकडे पण गाड्या डावीकडूनच चालतात त्यामुळे आपल्याला अडचण नाही. पण फुटपाथवर चालवायची नाही आणि लाल सिग्नल तोडायचा नाही, दोन्हीला ५० पाउंड दंड होऊ शकतो. हेल्मेट सक्तीचं नाही तरी नेलं तर चांगलंच. सगळ्यात जपायचं ते ट्रक आणि बसला, सिग्नलला त्यांच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका, डावीकडे वळताना ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. आप्पा पहिल्या चौकात घाबरले होते, पण सिग्नलला गाड्यांच्या पुढे सायकलींसाठी आखलेली चौकट असते तिथे जाऊन उभे राहिले आणि मागची बस शांतपणे थांबून राहिली, तेव्हापासून मीच त्यांच्या मागे मागे.

ब्रिटिश म्युझियमजवळ सायकल लावताना चूक झाली. आप्पांची सायकल खाचेत घातली, बसली असं वाटलं, आणि आम्ही निघालो. मागून एका बाईंनी हाक मारली, दिव्याकडे बोट दाखवलं, हिरवा लागलाच नव्हता. म्हणजे सायकल आमच्याच नावावर चालू, आणि हरवली तर ३०० पाउंडांपर्यंत भरावे लागतात. जोरात ढकला, हिरवा दिवा दिसेपर्यंत थांबा, आणि ओढून बघा. घाईत हे विसरू नका एवढं कळकळीने सांगतो.

बाबासाहेब याच म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसायचे आणि पैसे वाचवायला पायी यायचे असं आप्पा लहानपणापासून ऐकत आलेले. "इथनं रोज चालत?" एवढंच म्हणाले. आम्हाला सायकलवर अर्धा तासही लागला नव्हता. तिथून पुढची फेरी छोटी, ऑल्डविचपर्यंत. एलएसईची ह्यूटन स्ट्रीट पायी चालणाऱ्यांची गल्ली आहे, सायकल आधीच लावा. इथेच त्यांनी १९२३ ला डी.एससी. ही पदवी मिळवली, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. आप्पा पोरापोरींच्या गर्दीत बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते.

पुण्यात २०१७-१८ ला शेअर सायकली आल्या तेव्हा मी रोज वापरायचो. डॉक नव्हते, कुठेही सोडा अशी पद्धत, वर्षा-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या आणि मला खरंच वाईट वाटलेलं. इथे जागा ठरलेली, कुलूप पक्कं, आणि भरलेल्या डॉकवरच्या सायकली रिकाम्या डॉकवर न्यायला गाड्या फिरत असतात, ते बघून समजलं की नुसत्या सायकली आणून भागत नाही.

पास शिल्लक होता म्हणून संध्याकाळी थेम्सकाठच्या एम्बँकमेंटवर गेलो, तिथला ट्रॅक गाड्यांपासून पूर्ण वेगळा आहे, टॉवर हिलपर्यंत जातो. नवशिक्यांनी किंवा मुलं सोबत असतील तर सुरुवात इथूनच करा (चालवणारा १४ वर्षांच्या वरचा लागतो). वारा गार असतो, पातळ हातमोजे ठेवा. टॉवर हिलला आप्पांनी सायकल ढकलली, हिरवा लागला, ओढून बघितली, आणि मग मला म्हणाले, "आता तुझी बघू."