लीड्सच्या धान्यबाजारात चिमूटभर बडीशेप

इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टचे तीन दिवस पावसात आणि धुक्यात गेले. सरोवरं तिथे असावीत, असं धरून चालू. लिहावंसं वाटलं ते नंतरच्या शनिवारी पाहिलेल्या लीड्सबद्दल, तेही तिथल्या एकाच इमारतीबद्दल. मुलाच्या यादीत तिच्यापुढे 'कॉफी' एवढंच लिहिलेलं होतं.

कॉर्न एक्स्चेंज. कॉर्न म्हणजे मका, असं मी समजत होते. इंग्लंडात कॉर्न म्हणजे एकूणच धान्य. म्हणजे हा धान्याचा सौदा चालायचा तो बाजार, १८६१ ते १८६३ या काळात बांधलेला. वास्तुकार कथबर्ट ब्रॉड्रिक. लीड्सचा टाउन हॉलही त्याचाच, पण खांब आणि घड्याळाचा मनोरा घेऊन तो नुसता मिरवतो. मला काही तो फार आवडला नाही. ही इमारत मात्र लंबगोल, बैठी. प्रत्येक दगडाला हिऱ्यासारखं टोक काढलेलं, त्यामुळे भिंत लांबून थेट फणसाच्या सालीसारखी दिसते.

आत गेले आणि मान वर झाली ती झालीच. मधे एकही खांब नाही. लोखंडी कमानींवर तोललेला प्रचंड घुमट, कडेने सज्जा आणि त्यामागे एकेका व्यापाऱ्याच्या कचेरीची कमानदार दारं. ब्रॉड्रिकने घुमटाची कल्पना पॅरिसच्या धान्यबाजारावरून घेतली म्हणतात. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. घुमटाला काच सगळीकडे सारखी नाही. उत्तरेच्या अंगाला तिचा मोठा पट्टा आहे. मुलगा फोनवर वाचून म्हणाला, "आई, धान्याची पारख नीट व्हावी म्हणून उत्तरेचा उजेड घेतलाय. तिकडून थेट ऊन येत नाही ना."

मी मटकन बाकावर बसले.

माझे वडील, अण्णा, लातूरच्या मार्केट यार्डात आडत्या. पोत्यातून वानगी काढली, की मूठ मिटून ते शेडच्या एका ठरावीक कडेला जायचे, उन्हाकडे पाठ करायचे आणि मगच मूठ उघडायचे. "उन्हात सगळीच तूर सोन्याची दिसते गं," म्हणायचे. गोदामाच्या अंधारात चांगला मालही डागी वाटतो, उन्हात डागी मालही खपून जातो. मला ती त्यांची लकब वाटायची. हमाल तर मागून नक्कल करायचे. आणि इथे कुणीतरी त्या दहा पावलांसाठी अख्खं छप्पर रचलेलं!

पर्समध्ये बडीशेपेची पुडी होतीच. चिमूटभर तळहातावर घेतली आणि घुमटाखाली उभी राहिले. दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. हिरवा, पिवळट, एक चक्क काडी. मग बाहेर आले. नशिबाने ऊन पडलं होतं. उन्हात सगळी बडीशेप एकाच रंगाची, छान, लखलखीत. पुन्हा आत. पुन्हा काडी. असं तीनदा झाल्यावर दागिन्यांच्या दुकानातली मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि मुलगा "आई, प्लीज" म्हणाला.

आता इथे धान्य नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी इमारत दुरुस्त करून दुकानं आणली, जमिनीत मोठं भगदाड पाडून तळघरही उघडं केलं. दुकानं वाईट नाहीत. पण त्या उजेडात मेणबत्त्या आणि जुने कोट विकताना बघणं मला जिवावर आलं. चहाचे चार पौंड पडले आणि तो पाणचट होता, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी घरी फोन लावला. अण्णांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडून सगळं सांगितलं. घुमट, काच, उत्तर. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पावसाळ्यात काय करत असतील?"

विचारायचं राहूनच गेलं होतं.