रिकामी टोपली आणि टिटवीची चार अंडी

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या आमच्या शाळेत तो बहुतेक वर्षी वर्गात बसूनच शिकवावा लागतो. एसटीची गाडी, पालकांची संमतिपत्रे, मुलींच्या मुक्कामाची सोय आणि माणशी वर्गणी हा हिशेब जुळवता जुळवता परीक्षा तोंडावर येतात. त्यामुळे शाळेला प्रोजेक्टर मिळाला, तेव्हा आभासी क्षेत्रभेटीचा सर्वांत जास्त उत्साह मलाच होता.

पहिली भेट आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशाची ठरवली. चारी बाजूंना फिरवून पाहता येणारी तयार चित्रफीत होती, पार्श्वसंगीत दणदणीत होते आणि सिंहिणीने झेप घेतली तेव्हा अर्धा वर्ग बाकांवर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र गवत किती उंच होते, झेब्रे कळपात कसे उभे होते, पाणी कुठे होते, यांपैकी एकही गोष्ट कोणाला धड सांगता येईना. एका मुलाने तेवढे विचारले, ‘‘बाई, ती सिंहीण उरलेला दिवस काय करते?’’ सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास नुसते लोळून काढतात, हे मी त्याला सांगितले खरे. पण आम्ही पाहिलेल्या वीस मिनिटांत ती एकदाही लोळली नव्हती.

त्यानंतर मी तयार चित्रफिती जवळजवळ सोडल्याच आणि वेळास निवडले. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. (नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास आणि त्यांचा जन्म साताऱ्याचा, या धाग्यामुळे आमच्या मुलांना ते गाव थोडे आपले वाटले.) पूर्वी या किनारपट्टीवर घरटी उकरून अंडी नेली जात, उरलेल्यांवर कुत्रे आणि कोल्हे ताव मारीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तिथे संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे गावच त्यात उतरले. घरटे सापडले की त्यातली शंभर-सव्वाशे अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत आणायची, मादीने खणलेल्या खड्ड्याच्या मापाचाच दीड फुटी खड्डा करून त्यात ठेवायची, पिल्ले बाहेर यायचे दिवस जवळ आले की वर टोपली पालथी घालायची आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची, अशी ही पद्धत आहे.

ओळखीतून तिथल्या एका कासवमित्राने सकाळी सात वाजता मोबाइलवरून हॅचरी दाखवायचे कबूल केले. मार्च महिना होता, शाळा सकाळची होती. जोडणी दोनदा तुटली, तिसऱ्यांदा लागली. त्याने पहिली टोपली उचलली, खाली काही नव्हते. दुसरी उचलली, तिच्याखालीही नुसती वाळू. पाचही टोपल्या झाल्यावर तो ओशाळून म्हणाला, ‘‘मॅडम, आज काही नाही.’’ मी त्याला तसाच किनारा दाखवत राहायची विनंती केली आणि मग चाळीस मिनिटे आमच्या वर्गाने ओहोटीचा रिकामा किनारा पाहिला.

मला विचाराल तर ती आमची सर्वांत चांगली क्षेत्रभेट होती. पाहायला काही उरले नाही, म्हणून मुले पाहू लागली. भरतीची खूण कुठवर आहे, हॅचरी तिच्या किती वर बांधली आहे, सुरूची झाडे कोणत्या बाजूला झुकली आहेत, कुंपणाबाहेर कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत, हे सगळे त्यांनी आपणहून वहीत उतरवले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की टोपलीखालची वाळू आमच्या अंगणातल्या वाळूएवढीच तापत असेल का. त्याचे उत्तर देण्याऐवजी मी शाळेच्या बांधकामासाठी पडलेल्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवले. शाळा सुटल्यावर सहा जण थांबले. प्रयोगशाळेतला तापमापक वरच्या थरात खुपसला तेव्हा पारा ४९ अंशांवर गेला. हात खांद्यापर्यंत आत घालून दीड फूट खोल धरला तेव्हा ३० वर थांबला. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे या खालच्या वाळूच्या उबेवर ठरते, साधारण ३० अंशांच्या पुढे माद्या वाढत जातात, हे पुस्तकी वाक्य त्या सहा जणांना पुन्हा सांगावे लागले नाही.

पुढचा आठवडा नकाशाचा होता. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा टॅग लावलेले ते पहिलेच कासव, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. वर्तमानपत्रांतल्या नकाशांवरून मुलांनी तिची वाट भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या आणि लाल दोऱ्याने उमटवली. टाचण्यांतले अंतर कुठे बोटभर, कुठे वीतभर का, यावर बराच वाद झाला. कासव श्वास घ्यायला पाण्यावर आले तरच टॅगचा संदेश उपग्रहाला मिळतो, हे कळल्यावर ‘ठिपका नाही म्हणजे कासव बुडी मारून आहे’ असा वर्गाचा निष्कर्ष निघाला. तो पुरता बरोबर नसला, तरी मी त्या दिवशी खोडला नाही. ओडिशातल्या गहिरमाथ्याला २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली, तेव्हा दुसऱ्या रंगाचा दोरा आणावा लागला.

वाळूचा खारट ओला वास प्रोजेक्टरमधून येत नाही आणि पिल्लू तळहातावरून पुढे सरकताना कसे लागते, तेही मला वर्गात देता आले नाही. ज्या शाळांना मुलांना वेळासला नेणे शक्य आहे, त्यांनी पडद्यावर समाधान मानू नये, असेच माझे मत आहे. आमच्या बाबतीत मात्र पडद्याने एक वेगळे काम केले.

मार्चच्या अखेरीस तीच मागच्या बाकावरची मुलगी सकाळी धावत आली. शाळेमागच्या माळावर खड्यांमध्ये, उघड्यावर, खड्यांसारखीच ठिपकेदार चार अंडी होती आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करीत होती. टिटवी ओरडली की अशुभ, असे घरोघर सांगितले जाते. ती आपल्या अंड्यांसाठी ओरडते, हे त्या दिवशी साऱ्या वर्गाने लिंबाच्या झाडाखालून, पन्नास पावले लांब बसून पाहिले. दुपारी ती शेततळ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आली आणि अंड्यांवर बसली, तेव्हा मुलांना वाळूतला तापमापक आठवला. कुत्र्यांना हाकलण्याची पाळी लावली गेली. ती मी ठरवलेली नव्हती. निरीक्षणाची वही आता त्यांच्याकडेच असते. त्यातली परवाची नोंद अशी आहे : ‘सकाळी ६ वाजून ५० मिनिटे. टिटवी बसली आहे. ७ वाजून १० मिनिटे. बसली आहे. ७ वाजून २५ मिनिटे. बसली आहे, तोंड दुसरीकडे केले.’